बिनलग्नाचा फुलबॅक

आमच्या कोळीवाड्यात एखाद्याचं वय विचारलं तर कुणाला धड सांगता यायचं नाही, पण तो किती शिमगे हॉकी खेळलाय हे मात्र शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असायचं. रेवदंड्याच्या अलीकडचं आमचं गाव. होळीच्या पुनवेला ओहोटी मोठी लागते, दुपार कलली की समुद्र पार लांब जातो आणि मागं ओली, टणक वाळू राहते. त्या वाळूवर दरवर्षी सामना व्हायचा. एका बाजूला लग्न झालेले, दुसऱ्या बाजूला बिनलग्नाचे. वाळूत दोन-दोन वल्ही रोवली की झाला गोल. जाळ्याच्या बुचाला दोरा गुंडाळून गुंडाळून चेंडू केलेला, आणि काठ्या चिंचेच्या वाकड्या फांद्यांच्या.

खरी काठी एकच होती, माझ्या बापसाची. तरुणपणी तो मुंबईला गोदीत कामाला होता, तिथं मैदानावर साहेबाचा खेळ शिकला आणि येताना लाँचमधून ती काठी घेऊन आला. गावात हॉकी आणली ती त्यानं, हे तो जेवताना, जाळं विणताना आणि भांडतानाही सांगायचा. तो फुलबॅक. म्हणजे सगळ्यात मागं उभा राहून गोल राखणारा. आमच्यात गोलकीपर नसायचाच, ते पायाला बांधायचं जाडजूड सामान आणणार कोण? त्यामुळं फुलबॅक चुकला की गोल झालाच म्हणून समजा.

मी लग्नाची झाले त्या सुमाराला बापसानं खेळणं सोडून काही वर्षं झाली होती. स्वातंत्र्यानंतर आपली माणसं लंडनला जाऊन साहेबाला त्याच्याच घरी हरवून आली तेव्हापासून गावातल्या पोरांच्या अंगात नुसती हॉकी शिरली होती. त्यातच खालच्या आळीत एक नवा फुलबॅक निघाला. त्याचं नाव मी घेणार नाही. घेण्याची सवयच राहिली नाही, ते का ते कळेलच.

तो रेवसच्या लाँचवर कामाला होता. भाऊच्या धक्क्याला लाँच लागली की हा मैदानं धुंडाळायचा, मोठ्या संघांचे सामने बघायचा आणि गावात येऊन तसंच खेळायचा. चेंडू अडवून तो तिथंच थांबायचा नाही, घेऊन निघायचा थेट पुढं! फुलबॅकनं पुढं धावायचं हे आमच्या वाळूवर कुणी पाहिलंच नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून बघायच्या. मी पदरबिदर लावला नाही, सरळ बघितलं.

त्याच्या आयशीनं मला मागणी घातली तेव्हा बापूस म्हणाला, "पोरगा चांगला हाय. पण फुलबॅक वाईट हाय."

"आवो, पोर द्यायची हाय का टीम निवडायची हाय?" आयस म्हणाली.

"जो गडी गोल उघडा टाकून पळतो, तो उद्या हिला टाकून पळंल. माझ्या तिसऱ्या शिमग्याला मी जागेवरनं हाललो नव्हतो. ह्याचा तिसरा शिमगा बघितलास ना? वाऱ्यावर सोडलेल्या होडीवानी भटकत होता."

झालं! मागणी परत गेली. वर उरणकडचं एक स्थळ आलं, मिठागरवाल्याच्या घरचं. त्या मुलानं जन्मात काठी धरली नव्हती, म्हणून बापसाला त्याच्यात काही खोट सापडत नव्हती. होळी झाली की उरणची माणसं सुपारी फोडायला येणार, असं ठरलंसुद्धा. माझा जीव नुसता टांगणीला लागला. मला उरणला जायचं नव्हतं. मला मीठ नको होतं, मला लाँचवाला हवा होता.

गावाला मात्र नवाच चाळा मिळाला. उलट्या घातलेल्या होडीवर म्हातारे बसायचे आणि बापसाचा तिसरा शिमगा आणि ह्याचा तिसरा शिमगा समोरासमोर मांडायचे. एक म्हणायचा, तेव्हाचा फटका काय होता, चेंडू पार मुरुडाला जायचा! दुसरा म्हणायचा, अरे, तेव्हाचे पुढचे गडी निम्मे ताडी पिऊन यायचे, त्यांना कुणीही अडवलं असतं. बापूस तिथून मुद्दाम दोनदा-दोनदा जायचा आणि कान इकडंच ठेवायचा. आयस हे सगळं ऐकून नुसती हसायची. तिच्या हसण्याचा मला संशय आला.

"आये, तू तर बघितलंयस त्याला तेव्हा. खरंच जागेवर उभा असायचा?"

"जागेवर?" आयस बोंबील निवडता निवडता थांबली. "अगो बाय, मी ह्या माणसाला पयल्यांदा बघितला तो पलीकडच्या गोलाजवळ! आमी पोरी तिकडं बसलेलो ना. आमाला दिसावा म्हणून सगळी वाळू धावून आला. मागं ह्यांच्यावर गोल झाला, त्याचं ह्यांना भानसुदीक न्हाय."

हाय रे देवा! म्हणजे दोघं एकाच माळेचे मणी. पण बापसाला हे तोंडावर सांगून उपयोग नव्हता, तो म्हणाला असता, आयस खोटं बोलते. त्यानं स्वतः धावून दाखवायला हवं होतं.

म्हणून होळीच्या आदल्या दिवशी मी अगदी भोळा चेहरा करून म्हटलं, "बा, लोकं म्हणतात तुला खेळताना बघायला पायजे होतं. पण आता तुझ्याच्यानं कुठं व्हायचं? गुडघे दुखतात ना तुझे."

बापसानं हातातलं जाळं खाली ठेवलं. "कोण म्हणतो व्हायचं न्हाय?" आणि माळ्यावरची काठी खाली आली, तिला खोबरेल तेल लागलं.

त्याच दिवशी बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांआड मी लाँचवाल्याला गाठलं. "उद्या एवढंच कर," मी म्हटलं. "बा पुढं धावला, की तू जागेवर उभा रहा. कायबी झालं तरी हालू नको."

"तो? तो कसला धावतोय! मुळं फुटलीत त्याला."

"ते माझ्या आयशीवर सोड."

सामन्याला गाव लोटलं. होळी पेटायच्या आत संपवायचं होतं. बापूस वल्ह्यांच्या पुढं पाय रोवून उभा, आणि काय सांगू, खरंच कुणी पुढं जाईना. लाँचवाला दोनदा चेंडू घेऊन आला, दोन्ही वेळा बापसानं काठी आडवी घालून काढून घेतला. म्हातारे होडीवर उभे राहून ओरडायला लागले. बापूस आमच्याकडं बघून छाती काढून उभा राहिला. तो असाच उभा राहिला असता तर मी उरणला गेलेच म्हणायचं. ऊन उतरलं तरी दोन्हीकडं गोल नाही.

आणि मग बापसानं पुन्हा चेंडू अडवला, तेव्हा आयस उठली. कमरेला लुगड्याचा पदर खोचला आणि भर गर्दीतून ओरडली, "आवो! त्या साली कसे आलेलात धावत? आता काय झालं, म्हातारे झालात?"

बापूस तिच्याकडं बघतच राहिला. आणि निघाला की! गुडघे, वय, जागा, सगळं विसरून चेंडू घेऊन सुसाट निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. गाव ओरडतंय, शिट्ट्या वाजतायत, आयस टाळ्या पिटतेय. मागं आमचा गोल उघडा पडला होता. आणि पलीकडं लाँचवाला, ज्याला सगळ्यांनी पळपुटा ठरवलेला, तो वल्ह्यांच्या मधोमध पाय रोवून उभा. हाललाच नाही पठ्ठ्या! बापूस जवळ येईपर्यंत थांबला, अलगद काठी घातली, चेंडू काढून घेतला आणि लांब फटका मारला. त्याच्या पुढच्या गड्यानं तो आमच्या मोकळ्या गोलात नुसता ढकलला.

लग्न झालेले हरले. बापूस ओल्या वाळूत फतकल मारून बसला, धापा टाकत. लाँचवाला जवळ गेला आणि हात पुढं केला. बापसानं हात धरला, उठला, पण सोडला नाही. म्हाताऱ्यांकडं वळून म्हणाला, "ह्याला पुढल्या साली आपल्यात घ्यायचा."

"आपल्यात कसा?" होडीवरून कुणीतरी म्हणालं. "लगीन झाल्याबिगार घेता येतो व्हय?"

बापसानं माझ्याकडं बघितलं, आयशीकडं बघितलं. दोघींची तोंडं बघून त्याला बहुतेक सगळं कळलं. "मग लावा की लगीन!" तो खेकसला. "उरणला सांगावा धाडा, म्हणावं पोर गावातच दिली."

वैशाखात लग्न झालं. पुढच्या शिमग्याला सासरा आणि जावई, दोन्ही फुलबॅक, लग्न झालेल्यांच्या गोलापुढं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तुम्ही पुढं, मी मागं, असं घरून ठरवून आलेले. मी आयशीशेजारी बसले होते. चेंडू आला तशी दोघांनी आमच्याकडं एकदा बघितलं आणि दोघंही पुढं धावले.

आम्ही परत हरलो. घरी येईपर्यंत बापूस म्हणत होता, चूक जावयाची, आणि हे म्हणत होते, मामांची.