पितळेवर चढलेलं तांबं

वोबेच्या कामाच्या खोलीच्या दारावर पाटी होती: ‘लोखंड आत आणू नये.’ पाटी त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली. हिरवं पडलेलं जुनं पितळ ॲसिडच्या पाण्यात सोडायचं तर चिमटासुद्धा लाकडी हवा. त्या वापरलेल्या पाण्यात लोखंडाचा एक खिळा गेला तरी पितळेवर तांब्याचा थर चढतो आणि वस्तू गुलाबी होऊन बसते. हे तो येईल त्याला ऐकवायचा. त्याचं दुसरं लाडकं प्रवचन म्हणजे घरोघरच्या बायका आणि पितळ खाऊन टाकणारं त्यांचं व्हिनेगर. फ्रीसलंड या डच प्रांतातल्या त्या चार गल्ल्यांच्या गावात जहाजांचे दिवे म्हणू नका, घड्याळं म्हणू नका, सगळं त्याच्याकडेच यायचं. बावन्नाव्या वर्षी त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती.

त्या हिवाळ्यात चर्चचं छप्पर गळलं आणि बाप्तिस्म्याचं साडेतीनशे वर्षांचं पितळी पात्र कपाटात हिरवं पडलं. ते एक्कावन्न वर्षं हिस्के घासत आली होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. लग्न होऊन आली त्या वर्षी कपाटाची किल्ली तिच्याकडे आली, आणि नवरा गेला त्या आठवड्यातही तिने ती खाली ठेवली नव्हती. आता महिन्यावर तिच्या पणतीचा बाप्तिस्मा आला होता. त्यासाठी आपल्या हाताने पात्र लख्ख करायचं, एवढीच तिची हौस.

पण हिरवं नुसतं घासून निघेना, म्हणून चर्चचे कारभारी रिन्से यांनी पात्र वोबेकडे पोचवलं. वोबेच्या गळ्यात कायम एक लोहचुंबक लोंबत असे. वस्तू हातात आली की आधी तो चुंबक तिच्यावरून फिरवायचा, कुठे लोखंड लपलंय का बघायला. त्या दिवशी नाही फिरवला. का, तर टीव्हीवर स्केटिंगची शर्यत सुरू होणार होती! पात्राच्या बुडाशी कुण्या लोहाराने कधीकाळी लोखंडी रिव्हेटचा खिळा मारून वर रंग फासला होता. शर्यत बघून वोबे परतला तर ॲसिडमध्ये सोडलेलं पात्र उकडलेल्या कोळंबीसारखं गुलाबी.

आणि नेमके तेव्हाच रिन्से आणि हिस्के दारात उभे.

“अरे वोबे, हे काय होऊन बसलं?” रिन्सेंनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या पाटीच्या समोर उभं राहून ते बोलायचं कसं? “पितळ खाल्लं गेलंय,” वोबे म्हणाला. “वर्षानुवर्षं व्हिनेगरने घासलं की असंच होतं. हिरव्याखाली दिसत नव्हतं इतकंच.”

“मी तर खडूची पूड वापरते रे, आणि फडकं...” हिस्के अडखळली.

“एखाद्या वेळी घाईत झालं असेल, मावशी.” हे तो मऊ आवाजात म्हणाला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या मऊ आवाजाची.

“जाऊ दे, हिस्के,” रिन्से म्हणाले. “वय झालं आता आपलं.” त्याच संध्याकाळी तिने किल्ली त्यांच्याकडे नेऊन दिली.

ते दोघं गेल्यावर वोबेने रिव्हेट काढला, पाण्यात तांबं उतरवणारं थोडं पेरॉक्साइड घातलं आणि पात्र पुन्हा बुडवलं. दहा मिनिटांत पिवळंधमक. बस, एवढंच काम होतं. रविवारी पाद्रीबाईंनी नाव घेऊन त्याचे आभार मानले. व्हिनेगरची गोष्ट गावभर झाली होती, पण हिस्केला कुणी काही बोललं नाही. भल्या माणसांचं गाव ते. फक्त प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. वोबेने ते पाहिलं आणि साखर न घातलेली कॉफी तो ढवळत बसला.

मंगळवारी हिस्के त्याच्याकडे आली. घरात बाळ आलं म्हणून वाटायचा साखरेचा पाव पिशवीत होता. “पणतीचा आहे. आणि पात्र वाचवलंस म्हणूनही. माझ्या हातून गेलंच होतं ते.” तिनेच सुरी मागून घेतली आणि जाड तुकडा कापून त्याच्या हातात दिला.

वोबेने एक घास घेतला.

“मावशी, व्हिनेगर नव्हतं,” तो म्हणाला. “बुडाला लोखंड होतं. मी चुंबक फिरवला नाही. चूक माझी, आणि ती मी तुमच्या गळ्यात घातली.” शरमेने त्याचे कान तापले होते. “रविवारी सगळ्यांसमोर सांगतो.”

हिस्केने दारावरच्या पाटीकडे पाहिलं.

“मला आठवायला लागलं होतं रे,” ती म्हणाली. “तुझं ऐकून रोज आठवायचा प्रयत्न केला. शेवटी आठवलंच. हे गेले त्या आठवड्यात मी घाईत होते, खडू संपला होता, आणि मी व्हिनेगरची बाटली काढली. तिचं बूचसुद्धा मला दिसतंय. आता ते घडलंच नव्हतं म्हणतोस?”



तिने उरलेला पाव कागदात गुंडाळून परत पिशवीत ठेवला. “रविवारी मोठ्याने बोल,” ती म्हणाली. “मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.” उष्टा तुकडा वोबेच्या हातात तसाच राहिला.