हलणारे हात

कोपरीतल्या एका फोटो स्टुडिओत काउंटरवर बसून मला अकरा वर्षं झाली. अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत, दुपारच्या चहाला आपोआप आठवतात. पण वैशाली आल्यापासूनचे वेगळे आहेत. वैशाली विठ्ठलवाडीची, जन्मापासून कर्णबधिर. आमचे मालक भोईरदादा यांनी तिला पासपोर्ट फोटोंपुरतं ठेवलं. लग्नाची ऑर्डर एकटीला देणार नाही, आधी बघू, असं ते म्हणाले. तिला हवी होती नेमकी तीच.

*

एक बाई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आल्या. त्याने भोकाड पसरलं. दादांनी टाळ्या वाजवल्या, मी खुळखुळा वाजवला. वैशाली कॅमेरा लावून स्टुलावर शांत बसून राहिली. तिला रडणं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती. आपलं रडणं हिच्यावर चालत नाही हे बघून मुलगा चकित होऊन गप्प झाला. तेवढ्यात फोटो निघाला!

*

एकदा तिच्या मैत्रिणी आल्या. माझ्याकडे बघून जी ती नाकावर चष्मा वर ढकलल्याची खूण करायची. माझा चष्मा घसरलाय असं समजून मी तो दहा वेळा वर केला. शेवटी वैशालीने मोबाइलवर लिहून दाखवलं, "ते तुमचं नाव आहे." माणसाची सवय किंवा चेहरा बघून कर्णबधिर लोक त्याला खुणेचं नाव ठेवतात. मी दादांचं नाव विचारलं. तिने पोटावरून गोल हात फिरवला. दादांना मी माझं नाव सांगितलं, त्यांचं मात्र अजून सांगितलेलं नाही.

*

मग डोंबिवलीचं लग्न आलं. नवरा-नवरी दोघंही कर्णबधिर, पाहुणेही बरेचसे तसेच. फोटो वैशालीनेच काढायचे, अशी त्यांची अट. दादा काळजीपोटी सोबत आले आणि मलाही नेलं. ग्रुप फोटोला सगळ्यांचे हात हलत होते. दादा ओरडले, "हात खाली!" मग कोणी ऐकणार नाही हे आठवून त्यांनी खुणेने सांगितलं. सगळ्यांनी मुकाट्याने हात खाली घेतले आणि चेहरे पडले.

वैशालीने मोबाइल दादांपुढे धरला. "तुम्ही सगळ्यांना गप्प बसवलंत."

*

दुसऱ्या दिवशी दादा फोटो निवडायला बसले. हात हललेले सगळे काढून टाक म्हणाले. त्यात नवऱ्याच्या आत्याचा, तांडेलकाकूंचा एक होता. त्या कुणाकडे तरी बघून खळखळून हसतायत, दोन बोटं वरच्या ओठापाशी आणि हात पार पुसट.

"बघा ताई, तोंड पुसताना काढलाय," दादा मला म्हणाले. "म्हणून एकटीला ऑर्डर देत नाही मी."

वैशालीने बाकीचे काढून टाकले, तो मात्र हळूच माझ्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवला. दादांचं न ऐकताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

*

गेल्या महिन्यात तांडेलकाकू गेल्या. काका खोपटच्या एसटी डेपोतून रिटायर झालेले, तेही कर्णबधिर. तेराव्याला लावायला फोटो हवा म्हणून आले. लग्नात त्यांची झुपकेदार मिशी अख्ख्या हॉलमध्ये उठून दिसत होती. दहाव्याला ती उतरवली होती, मी पटकन ओळखलंच नाही.

दादांनी काकूंचे तीन फोटो दाखवले. तिन्ही स्वच्छ, हात मांडीवर. काकांनी तिन्हींना मान हलवून नाही म्हटलं. मग वैशाली माझ्या खुर्चीशी आली आणि तिने तो पुसट हाताचा फोटो उघडला.

काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी दोन बोटं वरच्या ओठापाशी नेली आणि नसलेल्या मिशीला हळूच पीळ दिला.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा वर ढकलला.

त्यांनी ऑर्डरची वही माझ्यापुढे सरकवली. मग रविवारची कल्याणची ऑर्डर वैशालीच्या नावावर लिहायला सांगितली. एकटीच्या. आणि काकांकडे वळून, फ्रेम केवढी करायची ते हातांनीच विचारलं.

काकांनी दोन्ही हात पसरता येतील तेवढे पसरले.