विंगेतून आलेलं वाक्य

हे असले अनुभव मी इथे बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर चहासोबत हसायला वाचायचे. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी आपोआप बंद पडते... मी नवऱ्याला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं मिळून कारणं शोधायचो. गाडीत पेट्रोल नसेल. बाई कामावरून घरी चालली असेल. साकोलीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे, दिवसभर मुलांना सांगत असते की मशीन चुकलं असं वाटलं तर आधी आपलं काय चुकलं ते बघा. अशी मी बाई. आता स्वतःच लिहायला बसले आहे, तेव्हा हसणाऱ्यांनी हसून घ्यावं, माझी हरकत नाही.

आमची एक छोटी नाटकमंडळी होती. "होती" म्हणते, कारण आता मी त्यात नाही. नाव लिहीत नाही, इकडचे लोक ओळखतीलच. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांना काही तोटा नाही, पण आमचा हट्ट असा की फक्त नव्या एकांकिका करायच्या – आपल्या माणसांवर, आपल्या बोलीत. मी आणि मिलिंद कॉलेजपासूनचे मित्र. मी लिहायची आणि काम करायची, तो बसवायचा. आणि आमचे प्रॉम्प्टर, भास्करकाका.

प्रॉम्प्टर म्हटलं की स्पर्धांचे परीक्षक नाक मुरडतात. पण आमच्याकडे प्रॉम्प्टर म्हणजे अर्धं नाटक. तालमी कमी, प्रयोग जास्त, त्यामुळे नट विंगेतल्या माणसाच्या भरवशावर उभा असतो. तो दबक्या आवाजात वाक्य सांगतो, नट उचलतो, प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. काकांचं बाजारात शिलाईचं दुकान आहे, पण जीव सगळा विंगेत. मला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं ते त्यांनीच. त्यांची शिकवण एकच – "विंगेतून आलं का तोंडातून गेलं पायजे, पोरी. मधात डोकं नाई आनायचं. डोकं आनलं का अडकली." मी ते इतकं अंगात भिनवून घेतलं की काकांचा आवाज आला की माझं तोंड आपोआप चालायचं, अर्थ मागाहून कळायचा. माझे वडील लवकर गेले. काकांना मी काका म्हणायची ते तोंडदेखलं नव्हतं.

या वेळची एकांकिका माझ्या आत्याची होती. आत्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता ती पवनीकडे पुनर्वसनाच्या वस्तीत राहते. गाव सोडायच्या दिवशी सगळे सामान बांधत होते आणि ही बाई घराच्या भिंती पोतत बसली होती – म्हणजे शेणमातीचा हात देत होती. लोकांनी वेड्यात काढलं, बुडनारं घर कायले पोतून राहिली म्हणून. तर म्हणाली, "पानी पावन्यासारखं येऊन राहिलं, तं घर घान कसं ठेवू?" भिंत पूर्ण केली, हात धुतले, ट्रॅक्टरवर जाऊन बसली आणि मागे वळून पाहिलं नाही. माझी एकांकिका तिथेच संपत होती.

लिहिण्याआधी मी तिला विचारायला गेले होते. ती म्हणाली, "लिही. माही काई ना नाई. पन मले नाटकात मारजो नोको. बुडून मेलेल्या बाईची गोठ लोक लय चवीनं सांगतेत. मी बुडली नाई, मी निंगून आली. तेवढं खरं ठेवजो." मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

मिलिंदला नेमका तोच शेवट खटकायचा. "शुभे, ती ट्रॅक्टरवर जाऊन बसते, यात काय आहे यार? परीक्षकाले शेवटी धक्का पायजे. बुडव तिले. पाणी वर येऊन राहिलं, ती भिंतीले टेकून बसली, ब्लॅकआउट. संपलं." आमची कडाक्याची भांडणं झाली. काका कोपऱ्यात बसून सगळं ऐकायचे. त्यांना आत्याचं पण माहीत होतं, मी दिलेला शब्द पण माहीत होता. शेवटी मिलिंद म्हणाला, ठीक आहे, तुझं खरं. मग काही दिवसांनी म्हणाला, नागपूरची स्पर्धा पुढे ढकलली, आता घाई नाही. मी मान हलवली. मित्राने सांगितल्यावर कोण खात्री करत बसतं...

आता त्या रविवारबद्दल. मिलिंद लाइटवाल्याशी बोलायला नागपूरला गेला होता, निदान मला तसं सांगून. काका तुमसरला लेकीकडे. हॉल रिकामा होता, म्हणून मी आत्याला बोलावलं. म्हटलं स्पर्धेआधी तिने बघावं, तिचंच आहे. शेवटचा सगळा भाग माझा एकटीचा होता, त्यामुळे बाकी कुणाची गरज नव्हती.

हॉल म्हणजे हायवेला लागून असलेल्या एका धान्याच्या गोदामावरचा मजला. एक जिना, एकच दार, तेही समोर. मागे सरळ भिंत, खिडकी नाही. लाकडी तखत जोडून केलेलं स्टेज आणि दोन्ही बाजूंना काळा रंग दिलेले प्लायवूड, त्या आमच्या विंगा. डाव्या विंगेमागे काकांचं स्टूल, स्टुलामागे भिंत. तिथून बाहेर पडायला रस्ताच नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुम्ही विचारालच. भर दुपार होती, वरचे पत्रे तापले होते, खाली हमाल जेवून आडवे झाले होते.

दोन बस बदलून आलेली आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी सुरू केलं. भिंत पोतायचा भाग आला आणि आत्या हसता हसता रडायला लागली. ते बघितलं आणि मी अडकले. स्वतः लिहिलेलं वाक्य, पण आठवेना. मी तशीच हात हवेत धरून थांबले... आणि डाव्या विंगेतून काकांचा आवाज आला.

नेहमीसारखाच. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन जाड झालेला, दबका, वाक्याच्या शेवटाला जरा उचललेला. मला नवलसुद्धा वाटलं नाही. वाटलं असतं तर मी थांबले असते.

"पानी उंबऱ्यावर आलं," काका म्हणाले.

पानी उंबऱ्यावर आलं, मी म्हटलं.

"येऊ दे. मी कोठी जाऊ?"

मी तेही म्हटलं.

"गुडघ्याले लागलं. मी भिंतीले पाठ देऊन बसली हाये. पयले मले ने, मंग या भिंतीले ने."

म्हणत म्हणत मी भिंतीला पाठ लावून खाली बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. आवाज थांबला. आणि मग डोकं जाग्यावर आलं. हे वाक्य माझं नाही. हे मी लिहिलेलंच नाही.

मी उठून विंगेमागे गेले. स्टुलावर मीच सकाळी ठेवलेली पाण्याची बादली होती, काठोकाठ भरलेली. दुसरं काही नाही.

परत आले तर आत्या उभी होती. "थो आतला मानूस कोन होय?" तिने विचारलं. म्हणजे तिनेही ऐकलं होतं. "आंधी थो बोले, मंग तू," ती म्हणाली. मी म्हटलं, आत कुणी नाही. ती स्वतः जाऊन बघून आली. मग पिशवी खांद्याला लावली.

"तुले सांगतलं होतं ना, मले मारजो नोको."

मी सांगत राहिले की आत्या, हे माझं नाही, मी असं लिहिलंच नाही. ती जिना उतरली. स्टँडपर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाली. मी तिथेच उभं राहून काकांना फोन लावला. स्विच ऑफ.

त्याच आठवड्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला. नागपूरच्या स्पर्धेचा. स्पर्धा पुढे वगैरे काही गेली नव्हती, त्याच रविवारी दुपारी झाली होती. माझीच एकांकिका, नाव बदललेलं, लेखक-दिग्दर्शक म्हणून मिलिंद. माझ्या भूमिकेत नागपूरची एक मुलगी. तिच्या अंगातल्या चोळीच्या बाहीवर दुहेरी टाका होता, आणि तो काकांच्या शिलाईचा हात मी कुठेही ओळखते. म्हणजे काका पण त्यात होते, तुमसरला गेलेच नव्हते. समोर मुलं टायपिंग करत होती आणि मी फोटो मोठा करून करून बघत बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते मला तोवर नुसतं लिहिण्यातलं वाटायचं.

मिलिंदला फोन केला तर त्याचं तयारच होतं. "नागपूरची मुलगी घेतल्याशिवाय आपल्याले कोण विचारते? अन् नाटक तुझ्या आत्यापेक्षा मोठं आहे, शुभे." मी फोन बंद केला. त्याच्याशी बोलणं तेवढंच.

मग त्या मुलीचा नंबर मिळवला. बिचारीला काही माहीतच नव्हतं, तिला वाटलं मिलिंद सरांनीच लिहिलंय. रडवेली होऊन सांगायला लागली, "ताई, प्रयोग पडला आमचा. सरांनी शेवट आदल्या दिवशी नवीन लिहून दिला, माझा पाठच नव्हता. ऐन वेळी ब्लँक झाले. काकांकडे बघितलं तर ते ओठ हलवत होते, पण आवाजच येईना. मी हाताने खुणावलं... तरी नुसते ओठ." मी विचारलं, कोणती वाक्यं होती ती? ती आठवत म्हणाली, "पानी उंबऱ्यावर आलं, येऊ दे..." पुढचं मी म्हणून दाखवलं. पाठ देऊन बसण्याचं, पयले मले नेण्याचं, सगळं. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत, ताई?"

काकांच्या दुकानात गेले. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मला बघून त्यांनी मान खाली घातली, पण मशीन थांबवलं नाही.

"काका, तुमी तुमसरले गेले होते ना?"

"नाई."

"मिलिंदनं शेवट बदलला, तुमाले माहीत होतं?"

"होतं." त्यांनी मशीनखालचं कापड वळवून घेतलं. मग म्हणाले, "त्यानं सांगतलं, का तुमचं नाव माईकवर घेतो म्हून. घेतलंबी. इतके वर्स झाले पोरी, विंगेतल्या मानसाचं नाव कोनी घेतलं नाई."

त्यासाठी? एवढ्यासाठी? मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त संताप झाला. मी त्यांना म्हटलं, तुमचं नाव मी सगळ्यांना सांगत फिरत होते, ते तुम्हाला पुरलं नाही का? मग मी हॉलमधलं सांगितलं. तेव्हा मशीन थांबलं.

"मी तं सांगून राहिलो होतो," काका म्हणाले. "मले माहा आवाज येत होता. अन् मी म्हटलं का मागनं तेच वाक्य बरोबर येत होतं, म्हून मी थांबलो नाई. मले वाटलं, चांगलं चालून राहिलं."

"मागून कोनाचं वाक्य येत होतं? ती पोरगी तं मुकी उभी होती म्हणते."

"डोये कागदावर होते माहे." त्यांनी कात्री उगाच उचलून परत ठेवली. "तुह्या आवाजात येत होतं वं."

कारणं मी पण शोधली, नाही असं नाही. हॉलमध्ये कुठे ब्लूटूथ स्पीकर राहिला होता का? नव्हता. माझा फोन पर्समध्ये, पर्स आत्याच्या पायाशी. नवरा म्हणतो, मिलिंदशी भांडून भांडून बुडण्याचं तुझ्या डोक्यात बसलं होतं, तुझ्याच मनाने वाक्य रचलं. बरं, मान्य. पण आदल्या दिवशी नागपुरात लिहिलेलं, शब्दाला शब्द तेच? आणि आत्याने ऐकलं ते कुणाचं मन होतं?

पण खरं सांगू... त्या आवाजाची मला भीती वाटतच नाही. राग आहे तो वेगळा. काकांच्या खिशात फोन होता. आदल्या दिवशी, आठवडाभर आधी, कधीही – "शुभे, असं असं होऊन राहिलं" – एवढं म्हणायचं होतं. आवाज नागपूरहून साकोलीला आला आणि माणसाला बाजारातून माझ्या घरापर्यंत येता आलं नाही. हे मी अजून गिळू शकलेली नाही. ब्लाऊज आता दुसरीकडे शिवायला टाकते.

गेल्या महिन्यात पवनीकडे जाऊन आत्याला सगळं सांगितलं. मिलिंद, काका, ती मुलगी, वाक्य माझं नव्हतं ते. ती तांदूळ निवडत ऐकत होती. तिने विश्वास ठेवला. "मीनं ऐकला ना थो आवाज," म्हणाली. चहा केला, जेवू घातलं. मला वाटलं, मिटलं. निघताना ती बसथांब्यापर्यंत आली. बस दिसायला लागली तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी साधेपणाने बोलली.

"त्यानं सांगतलं, थे मले समजलं, पोरी. पन तू काहून म्हटलं वं? तुह्या तोंडाले ना म्हनता आलं नाई का?"

कंडक्टर घाई करत होता, मी चढले. काका शंभर किलोमीटरवर असताना त्यांचा आवाज आमच्या विंगेत कसा आला, ते कुणाला उमगलं तर खाली लिहा, मी वाचेन. आत्याला काय उत्तर द्यायचं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही, आणि तेव्हापासून मी पवनीला गेलेली नाही.