चाळीस अक्षरांची चौकट

माझा ईमेल पत्ता एकोणीस अक्षरांचा आहे. त्यात माझं पूर्ण नावसुद्धा नाही. अनोळखी माणसांना एवढं कशाला सांगायचं? त्यामुळे नाशिकच्या आमच्या छोट्या कंपनीत कांदा लिलावाच्या नोंदणीचा फॉर्म करताना मी ईमेलच्या चौकटीला चाळीस अक्षरांची मर्यादा घातली, तेव्हा मला ती सढळच वाटली होती.

फॉर्म सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी देवळ्याकडच्या एका शेतकरी काकांचा फोन आला. फोन उचलायचं मी शक्यतो टाळते, पण बाकी सगळे चहाला गेले होते.

"ताई, उद्या सकाळी ट्रॅक्टर न्यायचाय. लिलावाचा नंबर ईमेलवर येईल म्हणले, तो काय आला नाय. नंबराशिवाय गेटातून आत घेत नाय."

मी पत्ता विचारला. ते एकेक अक्षर सांगू लागले. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मग गाव. गावातला मोबाइलवाला सगळ्यांना असेच पत्ते करून देतो म्हणे.

"एवढा मोठा?"

"आमच्या गावात माझ्या नावाचे तिघं हायेत. वडिलांचं नको लावू का?"

मी अक्षरं मोजली. एक्केचाळीस.

"काका, शेवटचा एम टाकलात ना?"

"तो बसतच नाय. तीनदा दाबला. म्हटलं, गाडी भरली असंल. दिला सोडून."

म्हणजे डॉट कॉमचं डॉट को झालं होतं, आणि डॉट कोचेही पत्ते असतात, म्हणून माझ्या फॉर्मच्या तपासणीला त्यातही काही खटकलं नव्हतं. काकांचा नंबर भलतीकडेच गेला होता.

अशा वेळी आमच्याकडे 'सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे' असं सांगतात. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण उद्याचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आला.

"काका, चूक माझी आहे. चौकट मीच लहान केली."

"तुमचा पत्ता केवढा?"

"एकोणीस अक्षरांचा."

"वडिलांचं नाव नाय घातलं?"

"नाही."

"मग बरोबर."

मी मर्यादा दोनशे चोपन्न केली. ईमेल पत्ता जास्तीत जास्त तेवढा लांब असू शकतो, हे मी आधीच बघायला हवं होतं. काकांना पत्ता पुन्हा भरायला सांगितलं. दोन मिनिटं फोनवर फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बसला एम," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आला नंबर."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आता जागा किती उरली, ताई?"

"दोनशेच्या वर."

"मंग आजोबांचंबी घालता आलं असतं."