गावभर बाबांचे कान

मामाने घडवलेले पुतळे बघत गावातून फिरायचं असेल, तर सुरुवात बाजारातल्या चौकातून करावी. तिथे जुने नगराध्यक्ष उभे आहेत, हात किंचित पुढे, आता कुणीतरी चहाचा कप देईल अशा बेताने. पुढे वाचनालयाच्या दारात पहिलवान. मुलींच्या शाळेच्या आवारात मोठ्या बाई, त्यांच्या डोक्यावर बहुतेक वेळा कबुतर. तिघांचे चेहरे वेगळे, उभं राहणं वेगळं. कान मात्र एकाच माणसाचे. माझ्या बाबांचे.

मामा कला शिकत होता तेव्हा त्याने केलेला मातीचा कान गुरुजींनी साऱ्या वर्गापुढे धरला आणि विचारलं, हा जर्दाळू कुणाचा? त्या दिवसापासून त्याने कानांचा धसका घेतला तो घेतलाच. नाक, हनुवटी, कपड्यांच्या चुण्या यांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कान आला की तोच हात अडायचा. मग आईचं लग्न झालं आणि घरात असा जावई आला, जो जेवल्यावर बसल्या जागी झोपे. एका दुपारी मामाने प्लास्टर कालवलं आणि भावोजींच्या दोन्ही कानांचे साचे काढून घेतले. बाबा उठले ते थेट चहाला.

तेव्हापासून गावातलं जे कुणी मोठं माणूस गेलं, त्याला बाबांचे कान लागले. मामी म्हणते, घरात ज्या कानांनी कुणाचं ऐकलं नाही, ते गावाच्या तरी कामी आले. कुणाला कळलंही नाही. पुतळ्याचे कान बघतो कोण?

पण यंदा प्रसूतिगृहाच्या फाटकाशी तिथल्या जुन्या सिस्टरांचा पुतळा बसवायचं ठरलं. या बाई पोटातल्या बाळाचे ठोके कान टेकवून ऐकत. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. निम्मं गाव त्यांनी जन्माआधीच ऐकलेलं. त्यांची मुलगी शिवणाचं दुकान चालवते. तिने पसंत केल्याशिवाय पुतळा धातूत ओतायचा नाही, असं ठरलं होतं. मामाने मातीच्या पुतळ्यावरचं ओलं फडकं काढलं. ती पुतळ्याभोवती एक फेरी मारून कानाशी थांबली.

"चेहरा आईचाच आहे, काका. पण कान कुणा झोपाळू माणसाचे वाटतात."

मामीने तोंडाला पदर लावला. कान जमत नसतील तर दुसरा शिल्पकार बघू, असं मुलगी अगदी नरमाईने सांगून गेली, म्हणून ते जास्त लागलं. मामा रात्री जेवला नाही. या वयात आता कान शिकू का, असं भिंतीला विचारत बसला.

"शिका की," मामी म्हणाली. "केस गेले, दात गेले. भीती तेवढी जपून ठेवलीत."

दुसऱ्या दिवशी त्याने सिस्टरांच्या मुलीला बोलावलं. तिचे कान आईवर गेलेत. ती हातशिलाई घेऊन खिडकीशी बसली, मामा मातीशी. मी फडकी भिजवून देत होते. बाबांचे कान त्याने तारेने कापून काढले. पहिला कान जमला नाही, तो त्याने कुणी बघायच्या आत गोळा करून टाकला. त्यानंतरचेही गेले. उन्हं उतरली तेव्हा उजवा कान जमला. मामा मागे सरकून त्याच्याकडे नुसता बघत राहिला. हयातीतला पहिला कान.

मुलीने सुई थांबवली. "सुंदर झालाय. पण आईचा उजवा कान असा नव्हता. टेकवून टेकवून चपटा झाला होता."

मामाने मामीकडे पाहिलं. मामीने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. मग त्याने तळवा ओला केला, कानावर ठेवला आणि हळूच दाबला.

मुलगी उठली. पुतळ्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली, शिवण गुंडाळलं आणि संध्याकाळचं दुकान उघडायला निघून गेली.

"काय म्हणाली ती?" मामाने विचारलं.

"तुम्हाला कान करायला सांगितला होता," मामी म्हणाली. "ऐकायला नाही."