वाकडं चर्च मी सरळ केलं

मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारून फ्रेंच साहेब थांबले. "मिस्टर जाधव, चर्च वाकडं होतं. सरळ कोणी केलं?"

"मी, सर," मी अभिमानानं सांगितलं.

नव्वदच्या दशकात बहारीनला, तुबलीतल्या आमच्या वर्कशॉपात इमारतींची मॉडेल्स बनत. साहेब रिटायर होऊन परवा परतणार होते. त्यांच्या गावच्या मध्ययुगीन कॅथलिक चर्चचं लाकडी मॉडेल ते त्याच चर्चला भेट देणार होते. मालक दाऊदभाई रत्नागिरीचे. काम नीट झालं, तर माझ्या बायको-मुलीच्या फॅमिली व्हिसाच्या पत्रावर सही, असा त्यांचा शब्द होता.

चर्च यात्रेचं. संताच्या अस्थी वेदीमागे. यात्रेकरू बाजूनं शिरत, खांबांमागून अर्धगोल फिरून बाहेर पडत. मधली प्रार्थना मोडत नसे. या वाटेला ॲम्ब्युलेटरी म्हणतात. आम्ही बौद्ध, कार्ल्याच्या चैत्यात खांबांमागून स्तूपाभोवती फिरलेलो. ही प्रदक्षिणा मला लगेच समजली, आणि तिथूनच शहाणपणा वाढला. साहेबांनी प्लॅन आणि फोटो दिले होते; प्लॅनमध्ये वेदीकडचा भाग तीन अंश कलला होता. प्लॅन हातानं काढलेला, म्हणजे काढणाऱ्याची चूक. असली चूक माझ्यासारखा ड्राफ्ट्समन सवयीनं, न बोलता सरळ करतो. घरी सांगताना मी प्लॅनलाच दोष देतो. इथं खरं लिहितोय.

साहेब म्हणाले, "वेदीकडचा भाग आधी बांधला. लांब सभागृह पुढच्या पिढ्यांनी, दुसऱ्या टोकाकडून. मध्ये जुनं चर्च उभं, त्यात प्रार्थना चालू. सरळ रेषेसाठी दोरी लावणार कुठून? रेष चुकली. तो आमचा इतिहास आहे."

दाऊदभाईंनी मला बाजूला घेतलं. "कोणी सांगितला होता रे तुला हा शहाणपणा? परवा विमान त्यांचं! नवीन कधी बनवणार?"

"नवीन नको, भाई. कापतो."

"काय, चर्च?"

"नाहीतर माझी मान आहेच."

"यल्ला, काप!"

जोडावर करवत चालवली. वेदीचा भाग तीन अंश फिरवला. एका बाजूची भिंत घासून बसली; दुसरीकडे पाचरीएवढी फट उरली. ती बुजवताना फोटोतला एक जाडजूड खांब आठवला. तोही मी फोटोचा दोष समजून बारीक केला होता. गवंड्यांनी हीच फट त्या खांबात लपवली होती! मीही खांब जाड केला. फट खलास.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दाराला डोळा लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हेच. हे आमचं."

दाऊदभाईंनी पत्र माझ्यासमोर सरकवलं. "सही जरा तिरकी आलीय. हात लावू नकोस!"

जुनं बांधकाम वाकडं दिसलं, तर आधी विचारावं. सरळ करायला पाच मिनिटं पुरतात. पुन्हा वाकडं करायला नऊ तास आणि दोन ब्लेडं लागतात.