तरवडाला दिलेलं पाणी

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत मी लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले. आमची केळीची बाग असीरगडच्या वाटेवर होती. नवरात्रात घटावर रोज तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढे. ती फुलं आणायला सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी गायरानाचा चढ चढत. मला ते पटेना. मी शेंगा आणून बागेच्या बांधाला बी पेरलं, केळीबरोबरच शेणखत आणि पाटाचं पाणी दिलं आणि सांगून टाकलं, "आता माळा घरच्या."

दोन वर्षांत झाडं माझ्या डोक्यावर गेली. पानं दाट होती, पण घट बसायच्या आदल्या दिवशीही एक कळी नव्हती. देवीला पहिली माळ कशाची घालायची?

सासूबाई बांधावर उभ्या राहून हसल्या. "जावयासारखं खाऊ घातलंस गं त्याला. आता ते काम कशाला करेल?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी टोपली घेऊन एकटीच गायरानात गेले. जमीन मुरमाड, पाय ठेवला की खडे घसरत. गुरांनी गवत मुळापर्यंत खाल्लं होतं, तरवडाला मात्र तोंडही लावलं नव्हतं. कमरेएवढी झुडपं फुलांनी भरली होती. अर्ध्या तासात टोपली भरली.

घरी आले तेव्हा सासूबाई सुईत दोरा ओवून बसल्या होत्या. त्या वर्षी नऊही दिवस चढ मीच चढले.